व्हाइट माउंटन्सची ४८ शिखरं हिवाळ्यात: गटाने यादी पूर्ण करण्याची पद्धत

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात व्हाइट माउंटन्स नावाची डोंगररांग आहे. तिथल्या ४,००० फुटांवरच्या ४८ शिखरांची यादी उन्हाळ्यात पूर्ण करणारे पुष्कळ आहेत. हिवाळ्यात मात्र ही यादी वेगळीच होऊन बसते. पायथ्याचे रस्ते बंद होतात, ओढे अर्धवट गोठतात, डिसेंबरात दिवस जेमतेम नऊ तासांचा उरतो आणि उघड्या धारेवरचा वारा माणसाला उभं राहू देत नाही. तरीही चार ते सहा भिडूंचा चांगला गट दोन-तीन हिवाळ्यांत ती पूर्ण करू शकतो. त्यासाठी एक सवय लावून घ्यावी लागते. शनिवार आधी मोकळा ठेवायचा आणि कोणतं शिखर करायचं ते गुरुवारी-शुक्रवारी अंदाज पाहून ठरवायचं. महिनाभर आधी कॅलेंडरवर शिखर लिहून ठेवणारे गट नको त्या दिवशी नको त्या धारेवर जाऊन अडकतात.

नकाशे, पाट्या आणि हवामानाचे अंदाज तिथे मैल, फूट आणि फॅरनहाइटमध्येच असतात, म्हणून इथेही अंतरं मैलांतच दिली आहेत. १ मैल म्हणजे १.६ किलोमीटर आणि ४,००० फूट म्हणजे १,२१९ मीटर.

यादीचे नियम

ही यादी अ‍ॅपलेचियन माउंटन क्लबची ‘फोर थाउजंड फुटर’ समिती सांभाळते. समितीचं काम १९५७ पासून चालू आहे. शिखर ४,००० फूट उंच असावं लागतंच, शिवाय शेजारच्या उंच शिखराला जोडणाऱ्या खिंडीपासून ते किमान २०० फूट वर उठलेलं असावं लागतं. म्हणूनच फ्रँकोनिया धारेवरचं लिटल हेस्टॅक ४,७०० फुटांच्या वर असूनही यादीत नाही. नव्या मोजणीने उंचीचे आकडे बदलत असतात, तेव्हा सुरुवात करण्याआधी समितीची चालू यादी उतरवून घ्या.

हिवाळी चढाईची व्याख्या काटेकोर आहे. दक्षिणायन संपण्याचा, म्हणजे डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाचा जो खगोलीय क्षण असतो, त्यानंतरच चालायला सुरुवात व्हायला हवी. मार्चमधल्या विषुवदिनाच्या क्षणाआधी तुम्ही परत खाली पोचलेले असायला हवं. तारीख पुरत नाही, तास आणि मिनिटही मोजले जातात. एखाद्या वर्षी हा क्षण २१ डिसेंबरला दुपारी आला, तर त्या सकाळी सुरू केलेला ट्रेक हिवाळ्यात धरला जात नाही, मग गुडघाभर बर्फ असला तरी. हंगाम साधारण ८९ दिवसांचा, म्हणजे तेरा शनिवार-रविवारांचा. शिखरावर पायी जायचं आणि पायीच उतरायचं. सगळी शिखरं एकाच हिवाळ्यात व्हायला हवीत अशी अट नाही. नव्या गटाने एका हंगामाचा हट्ट धरू नये हे बरं, कारण घाईत वाईट दिवशी निघणं होतं.

मिरियम आणि रॉबर्ट अंडरहिल या दांपत्याने १९६० च्या डिसेंबरात ही यादी हिवाळ्यात पहिल्यांदा पूर्ण केली. तेव्हा यादीत ४६ शिखरं होती आणि मिरियम साठी ओलांडलेल्या होत्या. वय आड येत नाही हे यातून दिसतं.

तक्ता आधी, बूट नंतर

सगळ्यांना उघडता येईल असा एक सामायिक तक्ता बनवा. शिखराच्या नावापुढे जाऊन-येऊन मैल, एकूण चढाई, हिवाळ्यात गाडी कुठवर जाते, ओढे किती ओलांडायचे, झाडांच्या वर उघड्यावर किती चालायचं आणि त्याच दिवशी कोणती शेजारची शिखरं होतात, असे रकाने हवेत. त्यापुढे प्रत्येक भिडूच्या नावाचा रकाना आणि त्यात तारीख. गटाच्या नावाने शिखर धरलं जात नाही. जो माथ्यावर पोचला त्याचंच ते होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात या तक्त्याची खरी गरज कळते. कोणी एक शनिवार चुकवतो, कोणी अर्ध्यातून परततो, आणि हळूहळू प्रत्येकाची उरलेली शिखरं वेगळी होतात. जोडीतलं एखादं शिखर सुटलं की फार महागात पडतं. बाँडक्लिफ आणि बाँड करून वेस्ट बाँड सोडलं, तर त्या एका शिखरासाठी पुढे २० मैलांहून जास्त तंगडतोड होते. हॅनकॉक करून साउथ हॅनकॉक सोडलं, तर पुन्हा जवळपास तीच सगळी वाट. म्हणून जोडीची शिखरं अशाच दिवशी घ्या, ज्या दिवशी ती दोन्ही-तिन्ही होतील असा वेळ आणि जोर आहे. नसेल तर त्या दिवशी एकटं उभं असलेलं शिखर घ्या: वॉमबेक, मोरायाह, कॅबट किंवा टेकमसे.

सोयीच्या जोड्या: पिअर्स–आयझेनहावर, टॉम–फील्ड–विली, दोन्ही हॅनकॉक, दोन्ही ऑसिओला, दोन्ही किन्समन, लिबर्टी–फ्लूम, लाफायेट–लिंकन, नॉर्थ आणि मिडल ट्रायपिरॅमिड, व्हाइटफेस–पासाकोनवे, मॅडिसन–अ‍ॅडम्स, साउथ आणि मिडल कार्टर. अशा जोड्या धरल्या तर ४८ शिखरं साधारण २५ ते २८ दिवसांत बसतात.

गट कसा असावा

चार ते सहा हा आकडा सर्वांत चांगला. तिघांत एकाला दुखापत झाली, तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि मदतीला जाणारा एकटा पडतो. आठांच्या वर गेलात, तर थांबण्याचा वेळ वाढतो आणि थांबलेला माणूस थंडीत लगेच गार पडतो. शिवाय पेमिजवासेट, सँडविच रेंज, ड्राय रिव्हर, ग्रेट गल्फ अशा संरक्षित अरण्यक्षेत्रांत एका गटात दहापेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. आउल्स हेड, आयसोलेशन, बाँडक्लिफ ही शिखरं अशा क्षेत्रांतच येतात.

निघण्यापूर्वी गाडीपाशी तीन गोष्टी मोठ्याने बोलून ठरवा. सर्वांत पुढे कोण आणि सर्वांत मागे कोण. कुठे-कुठे सगळ्यांनी एकत्र व्हायचं, म्हणजे प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक ओढ्यावर आणि झाडं संपण्याआधी. आणि परत फिरायची वेळ घड्याळात किती. ही वेळ खालीच ठरते. माथा वीस मिनिटांवर दिसत असताना ठरवायला गेलात, तर उत्तर नेहमी ‘जाऊया’ असंच येतं.

आणखी एक करार आधीच करून ठेवा: कुणाही एकाने ‘मला परत जायचंय’ म्हटलं तर त्याला कारण विचारायचं नाही. त्याच्याबरोबर किमान एक भिडू खाली जातो. उरलेल्यांत तिघंही राहत नसतील, तर सगळा गट परततो. हा करार नसलेल्या गटात माणूस बोटं बधिर झाली तरी बोलत नाही, कारण इतरांचं शिखर आपल्यामुळे जाईल असं त्याला वाटत असतं.

कोणतं शिखर केव्हा

डिसेंबरअखेर दिवस लहान असतो, बर्फ कमी आणि ओढे वाहते. तेव्हा पायवाट रस्त्याला लागूनच सुरू होणारी, झाडीतून चढणारी शिखरं घ्यावीत. टेकमसे सुमारे ५ मैलांत होतं, वॉमबेक साधारण सातात. जॅक्सन, पिअर्स, टॉम आणि फील्डही याच काळातली. जानेवारी सर्वांत थंड, तरी घनदाट झाडीतली शिखरं वाऱ्यापासून वाचवतात: हॅनकॉक, कॅबट, ट्रायपिरॅमिड. सलग दहा-पंधरा दिवस कडक थंडी पडून ओढ्यांवर जाड बर्फ बसला की आउल्स हेड, आयसोलेशन आणि नॉर्थ ट्विन लगेच उरकून घ्या. हा काळ बहुधा फेब्रुवारीत येतो, आणि एक पावसाळी दिवस तो संपवू शकतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यांपर्यंत उजेड वाढतो आणि बर्फ बसून घट्ट होतो. बाँड्स (बाँड नावाची तिन्ही शिखरं) आणि वॉशिंग्टनभोवतीची प्रेसिडेन्शियल रांग यांच्यासाठी तेव्हाचे दिवस राखून ठेवा. त्या काळात शांत वाऱ्याचा, निरभ्र शनिवार मिळाला की बाकी सगळं बाजूला ठेवून वॉशिंग्टन, जेफरसन, अ‍ॅडम्स, मॅडिसन, मनरो किंवा फ्रँकोनिया धार यांतलं काहीतरी करा. असे दिवस हंगामात मोजकेच येतात. ते झाडीतल्या शिखरांवर खर्च झाले, की मार्चमध्ये उघड्या धारा तेवढ्या शिल्लक राहतात आणि मग वाईट दिवशी जाण्याचा मोह होतो.

बंद रस्ते

उन्हाळ्याच्या पुस्तकातले मैल हिवाळ्यात चुकतात, ते मुख्यतः याच कारणाने. झीलंड रोड मुख्य रस्त्यापासूनच बंद असतो, त्यामुळे झीलंडसाठी जाताना-येताना प्रत्येकी साडेतीन मैल वाढतात. हेलच्या नेहमीच्या वाटेलाही हाच रस्ता लागतो. सॉयर रिव्हर रोड बंद असल्याने कॅरिगेन दहाऐवजी सुमारे १४ मैलांचं होतं. नॉर्थ ट्विनसाठी हेस्टॅक रोडचे अडीच मैल वाढतात. गार्फील्ड आणि गेलहेडच्या पायथ्याचा रस्ताही बंद असतो. ट्रिपोली रोड बंद असल्यामुळे दोन्ही ऑसिओला कँकमॅगस रस्त्याकडून, ग्रीली पाँड्सच्या वाटेने, खड्या चढाने करावी लागतात. त्या दोन शिखरांच्या मधोमध एक अरुंद कातळी चिमणी आहे. तिला बगल देणारी वाट शोधा. जेफरसन नॉच रोड बंद झाला की जेफरसनला जाणारी कॅप्स रिजची आखूड वाट हाताशी राहत नाही. आयझेनहावरचा एडमंड्स पाथही तसाच दुरावतो, म्हणून आयझेनहावर पिअर्सवरून क्रॉफर्ड पाथने घ्यायचं. मूसिलॉकला लॉजकडचा रस्ता बंद असतो आणि बहुतेक जण ग्लेनक्लिफची वाट धरतात.

गाडी बर्फ उपसलेल्या जागेतच लावा. रस्त्याच्या कडेला लावलेली गाडी बर्फ हटवणाऱ्या यंत्राच्या वाटेत येते, आणि संध्याकाळी तुम्ही दमून उतरता तेव्हा ती उचलून नेलेली किंवा पुरून गेलेली असू शकते. वाइल्डकॅट आणि टेकमसेला स्कीच्या उतारावरून चढण्याचे नियम दर हंगामात बदलतात. निघण्याआधी ते पाहा.

ओढे ओलांडणं

आउल्स हेडच्या उन्हाळी वाटेवर फ्रँकोनिया ब्रूक आणि लिंकन ब्रूक हे ओढे आडवे येतात. आयसोलेशनला रॉकी ब्रँच आडवा येतो. नॉर्थ ट्विनला लिटल रिव्हर तीनदा ओलांडावी लागते, पण एकाच काठाने गेलेली मळलेली वाट धरली तर पहिल्या दोन वेळा टळतात. आउल्स हेडला ब्लॅक पाँडवरून आणि आयसोलेशनला इंजिन हिलवरून झाडीतून पाडलेल्या हिवाळी वाटा आहेत. त्यांचे जीपीएस मार्ग किमान दोन फोनवर उतरवून घ्या. आधीच्या गटाच्या पावलांवर विसंबून झाडीत शिरू नका. ती पावलं त्यांच्या चुकांचीही असू शकतात.

बर्फाचा पूल तपासताना काठावर उभं राहून काठीने ठोका. घट्ट, भरीव आवाज आला तर एकेकाने, सॅकचा कमरपट्टा सोडून पलीकडे जायचं. पोकळ आवाज आला किंवा खालून पाण्याची खळखळ ऐकू आली, तर वर-खाली शंभर पावलं जाऊन दुसरी जागा शोधा. सकाळी ओलांडलेला पूल दुपारच्या उन्हाने किंवा पावसाने जाऊ शकतो, तेव्हा परतीचाही विचार तिथेच करा. बूट भिजला आणि बाहेर उणे १५ सेल्सिअस असेल, तर त्या दिवशीचं शिखर संपलं. कोरडे मोजे चढवा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, मग बूट, आणि सरळ गाडीकडे.

वेळेचं गणित

जुना हिशेब असा: दर मैलाला ३० मिनिटं, आणि दर १,००० फूट चढाईला आणखी ३०. हॅनकॉकची फेरी सुमारे ९.८ मैल आणि २,७०० फुटांची. म्हणजे ४ तास ५४ मिनिटं आणि १ तास २१ मिनिटं, मिळून सव्वासहा तास. वाट मळलेली, घट्ट असेल तर हिवाळ्यातही एवढाच वेळ लागतो, कधी कमीही, कारण दगडधोंडे बर्फाखाली जातात. न मळलेल्या बर्फातून वाट पाडायची असेल तर दीडपट धरा, म्हणजे जवळपास साडेनऊ तास. डिसेंबरातल्या नऊ तासांच्या उजेडात ते बसत नाही. गुडघाभर ताज्या बर्फात तर तासाला एक मैलही होत नाही.

वाट पाडताना पुढच्याने पाच ते दहा मिनिटंच पुढे राहायचं. दम लागण्याआधीच बाजूला होऊन सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं आणि शेवटी यायचं. जो ‘मला काही होत नाही’ म्हणत अर्धा तास पुढे राहतो तो घामाने भिजतो, आणि दुपारी गारठणारा पहिला माणूस तोच असतो.

पायात काय

तीन साधनं, तीन कामं. घट्ट मळलेल्या वाटेला मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटावर चढवायच्या लहान दातांच्या साखळ्या. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला की स्नोशू, म्हणजे बर्फात रुतू न देणारी रुंद पायताणं. वाऱ्याने घासून काचेसारखा झालेला बर्फ आणि खडा उतार असेल तिथे बुटाला बांधायचे दहा किंवा बारा धातूच्या दातांचे क्रॅम्पॉन. वॉशिंग्टनची लायन हेड हिवाळी वाट आणि प्रेसिडेन्शियल माथ्यांना क्रॅम्पॉन आणि बर्फात रोवायची कुऱ्हाड, म्हणजे आइस अ‍ॅक्स लागतात. अ‍ॅक्स नुसती सॅकला बांधून उपयोग नाही. घसरल्यावर तिच्यावर पोट टाकून थांबायचा सराव एखाद्या सुरक्षित, सपाटीला मिळणाऱ्या उतारावर आधी करायचा.

स्नोशू सॅकला लटकवून नुसत्या बुटांनी रुतत जाऊ नका. प्रत्येक पावलाला गुडघाभर खड्डा पडतो, रात्रीत तो दगडासारखा गोठतो आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्यांचे घोटे मुरगळतात. स्नोशूने वाट दाबून सपाट होते आणि तुमची परतही सोपी होते. खडी चढण असलेल्या या डोंगरांना टाचेखाली उचलणारी पट्टी असलेले स्नोशू घ्या. पोटऱ्यांचा निम्मा त्रास वाचतो.

बैठक मारून घसरत उतरायचा मोह होतो, विशेषतः हॅनकॉकच्या खड्या तुकड्यावर. पायात क्रॅम्पॉन किंवा मायक्रोस्पाइक्स असताना ते कधीच करू नका. दात बर्फात अडकतात, अंग पुढे जातं आणि घोटा तुटतो.

झाडीतल्या माथ्यांजवळ आणखी एक धोका असतो. खुरट्या स्प्रूसच्या झाडांवर बर्फ साचून वरून सपाट जमीन दिसते, पण फांद्यांखाली पोकळी असते. वाट सोडून दोन पावलं टाकली की माणूस छातीपर्यंत आत जातो आणि स्नोशू खालच्या फांद्यांत अडकतो. धडपडू नका, धडपडीने आणखी आत जाल. सॅक काढून समोर आडवी टाका, तिच्यावर कोपर टेका, आणि दुसऱ्या भिडूला तुमच्या स्नोशूभोवतीचा बर्फ हातांनी उपसू द्या. यासाठीच माथ्याजवळ दहा पावलांच्या अंतरात राहायचं.

कपडे, पाणी, खाणं

गाडीपाशी उभं असताना थोडी थंडी वाजायलाच हवी. उबदार वाटत असेल तर एक थर जास्त आहे आणि दहा मिनिटांत घाम येणार. घाम हाच इथला खरा शत्रू आहे. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर हलका फ्लीस, वारा अडवणारं जाकीट. सुती कपडा अगदी आतलाही नको. जाड फुगीर जाकीट चालताना घालायचं नसतं, ते थांबल्याक्षणी सगळ्यावरून चढवायचं. म्हणून ते सॅकमध्ये सर्वांत वर हवं. हातमोज्यांच्या तीन जोड्या लागतात: चालायला पातळ, उघड्यावर जाड मिटन (चारही बोटं एकत्र राहणारा मोजा), आणि एक राखीव. हातमोजा वाऱ्याने उडून गेला की बोटं थोड्या वेळातच निकामी होऊ लागतात, म्हणून मिटन मनगटाला दोरीने बांधा.

दोन ते तीन लिटर पाणी घ्या, गरम भरून, रुंद तोंडाच्या बाटल्यांत. बाटल्या जुन्या मोज्यात गुंडाळून उलट्या ठेवा. पाणी वरून गोठतं, त्यामुळे उलट्या बाटलीत बर्फ तळाशी होतो आणि झाकण मोकळं राहतं. नळीची पाण्याची पिशवी आणू नका, पहिल्या तासातच नळी गोठते. अर्धा लिटर गरम, गोड पेयाचा थर्मास वेगळा ठेवा आणि तो अडचणीच्या वेळेसाठीच उघडा. खाणं दर तासाला, दोनशे ते तीनशे कॅलरी, चालता-चालता खिशातून. बिस्किटाच्या वड्या आणि चॉकलेट आधीच लहान तुकडे करून आतल्या खिशात ठेवा, नाहीतर दात तुटतील इतकी कडक होतात. फोन आणि हेडटॉर्चचे राखीव सेल अंगाशी ठेवा. लिथियमचे सेल थंडीत टिकतात, साधे अल्कलाइन लवकर मान टाकतात. हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवीच.

झाडांच्या वर

आदल्या संध्याकाळी आणि पहाटे दोन गोष्टी वाचायच्या. माउंट वॉशिंग्टन वेधशाळेचा उंच शिखरांसाठीचा अंदाज आणि माउंट वॉशिंग्टन हिमस्खलन केंद्राची सूचना. वेधशाळा १९३२ पासून माथ्यावर आहे. १२ एप्रिल १९३४ रोजी तिथे ताशी २३१ मैलांचा वारा मोजला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथलं तापमान उणे ४४ सेल्सिअसला गेलं आणि वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे ७८ पर्यंत. असल्या दिवशी कोणी निघत नाही. फसवतात ते मधले दिवस. ० फॅरनहाइट, म्हणजे उणे १८ सेल्सिअसला ४० मैलांचा वारा असला की जाणवणारी थंडी उणे ३४ सेल्सिअस होते आणि उघडा गाल अर्ध्या तासाच्या आत गोठू शकतो. व्यवहाराला एवढी रेघ पुरे: उघड्या धारेवर ३० मैलांपर्यंत वारा असेल तर जा. ४० च्या पुढचा अंदाज असेल तर झाडीतलं शिखर निवडा. ढगांत माथे बुडालेले असतील तर वारा कमी असूनही जाऊ नका. पांढऱ्या बर्फावर पांढऱ्या धुक्यात दगडांच्या ढिगाऱ्यांच्या खुणा दिसत नाहीत आणि माणूस भलत्या घळीत उतरतो.

झाडं संपण्याआधीची शेवटची पन्नास पावलं फार महत्त्वाची. तिथे आडोशाला थांबा. जाड जाकीट चढवा, काहीतरी खा, पाणी प्या. आता गॉगल, डोकं-मान झाकणारा बालाक्लाव्हा, मिटन. स्नोशू काढून क्रॅम्पॉन बांधा, पट्ट्यांची टोकं आत खोचा. एकमेकांचे चेहरे तपासा, नाक किंवा गालाची एखादी पट्टी उघडी राहिली आहे का पाहा. होकायंत्रावर परतीची दिशा लावून ठेवा. या भागात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून सुमारे १४ ते १५ अंश पश्चिमेला असते. मग चालायचं जाकीट परत घालून निघा. हे सगळं पंधरा मिनिटांचं काम आहे. वर उघड्यावर हेच करायला गेलात तर पट्टा ओढायला मिटन काढावा लागतो, आणि उघडी बोटं दोन मिनिटांत काम करेनाशी होतात.

फ्रँकोनिया धारेवर लिटल हेस्टॅकपासून लाफायेटपर्यंत १.७ मैल पूर्ण उघडे आहेत. फॉलिंग वॉटर्सच्या वाटेने चढा आणि ओल्ड ब्रायडल पाथने उतरा, कारण धबधब्यांजवळचे बर्फाळ तुकडे चढायला बरे, उतरायला वाईट. फ्लूमला स्लाइडची वाट हिवाळ्यात नको, लिबर्टीवरूनच जाऊन या. मॅडिसन–अ‍ॅडम्सला व्हॅली वे धरा. ती खिंडीतल्या झोपडीपर्यंत जवळपास सगळी झाडीतून जाते. मात्र ती झोपडी हिवाळ्यात बंद असते, तिच्या भरवशावर राहू नका.

बिघडलं तर

अडखळणं, हातातून वस्तू पडणं, जड जिभेने बोलणं, उगाच चिडणं: भिडूत यांतली दोन लक्षणं दिसली की तो गारठायला लागला आहे. त्याला विचारू नका, तो ‘ठीक आहे’च म्हणेल. ओला थर काढा, कोरडा घाला, गोड गरम प्यायला द्या आणि खाली न्या. पांढरा, मेणासारखा गाल दिसला तर उघड्या, गरम तळव्याने झाका. घासू नका, बर्फ चोळू नका. पाय खोलवर गोठला असेल आणि पुढे चालत उतरायचं असेल, तर वाटेत तो वितळवू नका. वितळून पुन्हा गोठला तर इजा कितीतरी जास्त होते.

पाय मोडला तर मदत पोचायला सहा-आठ तास लागू शकतात, आणि ती येते तेव्हा अंधार झालेला असतो. म्हणून गटात मिळून एक स्लीपिंग बॅग, एक बिव्ही (बॅगेवरून चढवायची वारा-पाणी अडवणारी पिशवी), फोमच्या दोन मॅट, एक स्टोव्ह आणि भांडं न्यायचंच. जखमी माणसाखाली मॅट आधी, वरचं पांघरूण नंतर, कारण बर्फ अंगातली ऊब खालून ओढून घेतो. फोनला रेंज बहुतेक दऱ्यांत मिळत नाही. उपग्रहाने संदेश देणारं यंत्र एक तरी हवं. शोध आणि बचाव हे राज्याचं फिश अँड गेम खातं पाहतं. त्यांचं ‘हाइक सेफ’ कार्ड एका माणसाला २५ डॉलरला मिळतं. ते असेल तर निष्काळजीपणा झाला तरी सुटकेचा खर्च मागितला जात नाही. बेदरकारपणाला मात्र ते लागू नाही. गटातल्या प्रत्येकाने घ्यावं, ते पैसे बचाव पथकांच्याच कामी येतात.

शेवटचं शिखर

अठ्ठेचाळिसावं शिखर मुद्दाम सोपं ठेवा. तिथे बरोबर यावं असं वाटणारे सगळे पूर्ण हिवाळी तयारीचे नसतात: एखाद्याचा गुडघा दुखतो, कोणी दोन वर्षांनी डोंगरात येतं. पिअर्स, जॅक्सन किंवा वॉमबेक यासाठी छान. मळलेली वाट, रस्त्याला लागून सुरुवात, झाडीचा आडोसा. आउल्स हेड किंवा बाँड्स शेवटी उरवले तर सोबतीला चारच जण येतील, तेही अंधारात निघून अंधारात परततील. दोन-तीन भिडूंची यादी एकाच दिवशी पूर्ण व्हावी असं वाटत असेल, तर जानेवारीतच तक्ता पाहून तेवढं एक शिखर सगळ्यांनी शिल्लक ठेवायचं आणि त्यासाठी मार्चच्या सुरुवातीचे लागोपाठ दोन शनिवार मोकळे ठेवायचे, म्हणजे पहिल्याला हवा बिघडली तरी दुसरा हाताशी राहतो.

माथ्यावर पोचल्यावर आधी सगळ्यांनी जाड जाकिटं घालायची, मग फोटो, मग थर्मास. गर्दीत दहा मिनिटांची वीस होतात आणि नवख्यांचे पाय गार पडतात. उतरताना एक अनुभवी भिडू सर्वांत मागे. घरी पोचलात की तक्त्यातल्या तारखा समितीच्या अर्जावर उतरवून घ्या. अर्ज प्रत्येकाने आपापला भरायचा असतो आणि त्यात हिवाळी यादी अशी स्पष्ट नोंद करायची. एखाद्या शिखराची तारीख हिवाळ्याच्या त्या क्षणाच्या आगेमागे येत असेल, तर सुरू केल्याची वेळही पाहा. शंका राहिली तर ते शिखर पुढच्या हंगामात पुन्हा करा आणि मगच अर्ज पाठवा.